शेवटची पानं बंद करणारा

मी एक जुना स्टेपलर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. जुनी वस्तू बोलायला लागली की ऐकणाऱ्यांना वाटतं, आता ही आपल्या गंजाचं दुःख सांगणार, कोपऱ्यात पडून राहिल्याचं सांगणार आणि शेवटी आपल्याला डोळे पुसायला लावणार. गंज मला आहे. मागच्या बाजूला, स्प्रिंगजवळ आहे. असू दे. मित्रांनो, मी एका शाळेत मुलांच्या गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं बंद करत होतो. त्यासाठी लोकांनी मला नावं ठेवली, मला वर्गातून उचलून नेलं, आणि तरीही मी म्हणतो की मी केलं ते बरोबरच केलं. ज्याला पटत नसेल त्याने आधी सगळं ऐकून घ्यावं आणि मग खुशाल भांडायला यावं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोलादाची पट्टी यंत्राखाली गेली, दणका बसला आणि तिचा जबडा झाला. आत स्प्रिंग बसली, वरून हिरवा रंग चढला आणि मागे एक छोटी चपटी जीभ लागली. जबड्याने पिन मारायची आणि जिभेने मारलेली पिन उपटायची, अशी दोन्ही कामं मला येतात. लोक मला फक्त पहिल्या कामासाठी ओळखतात, हा त्यांचा अडाणीपणा. माल तपासणाऱ्या बाईने मला रद्दी कागदावर दाबून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा कडक आहे गं, जोर लावावा लागतो." तरी तिने मला पास केलं. कडक असणं हा दोष नाही, हे जगात निदान तिला तरी कळत होतं.

मला विकत घेतलं ते एका गणिताच्या बाईंनी. तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. पहिली काही वर्षं मी त्यांच्याकडे सरळमार्गी नोकरी केली. उत्तरपत्रिकांना पुरवण्या जोडल्या, सूचना टाचल्या, फाटलेल्या नकाशाला ठिगळं लावली. शिक्षकांच्या खोलीत न अडकता चालणारा स्टेपलर मी एकटाच होतो, त्यामुळे जो तो येऊन मला उचलून न्यायचा आणि आणून द्यायचं मात्र विसरायचा. चित्रकलेच्या सरांनी तर एकदा माझ्याने खिळा ठोकला. ते मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

मग एका वर्षी बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. घरचा अभ्यास तपासताना त्यांना दिसायचं की नववीचा सगळा वर्ग हुशार आहे. परीक्षा घेतली की तोच वर्ग गायब. वह्यांमध्ये उत्तरावर उत्तर बरोबर, आणि पेपरात पानं कोरी. एका संध्याकाळी त्या वह्या पसरून बसल्या आणि उत्तरांऐवजी मधल्या पायऱ्या वाचायला लागल्या. तेव्हा सगळं उघडं पडलं. पोरं गणित सोडवत नव्हती, उत्तर आणत होती.

उत्तर आणणं म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावून सांगायला हवं का? उगाच साळसूद चेहरे करू नका, तुम्हीही आणलेलं आहे. पुस्तकाच्या मागे नऊ दिलेत आणि आपले आलेत सात. मग कुठून तरी दोन पैदा करायचे, एखाद्या वजाचं अधिक करायचं, एखादा कंस गुपचूप सोडून द्यायचा, आणि एकदाचे नऊ आले की खाली ऐटीत दोन रेघा मारायच्या. घरचे खूश, वही खूश, आपणही खूश. गणित तेवढं कुठेतरी वाटेत मरून पडलेलं असतं.

पुढच्या वर्षाच्या पहिल्याच तासाला बाई मला हातात घेऊन वर्गात गेल्या आणि बाकांमधून फिरायला लागल्या. प्रत्येकाच्या पुस्तकातली शेवटची पानं त्या एकत्र धरायच्या आणि कडेला मला दाबायच्या. खट्. पुढचं पुस्तक. खट्. वर्गात हलकल्लोळ झाला.

"बाई, हा अन्याय आहे!"

"बाई, पुस्तक आमचं आहे ना?"

"पण बाई, मग गणित बरोबर आलंय का चूक, ते आम्हाला कळणार कसं?"

बाई थांबल्या. "तेच तर वर्षभर शिकवणार आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा नियम सोपा होता. उत्तर आलं की आधी ताळा करायचा, म्हणजे आलेलं उत्तर परत गणितात घालून बघायचं, बसतंय का. मग गणिताशेजारी स्वतःच्या हाताने तीनपैकी एक शब्द लिहायचा. ताळा बसला असेल तर 'पक्कं'. थोडी शंका असेल तर 'बहुतेक'. काहीच समजत नसेल तर 'अंधार', पण नुसतं अंधार लिहून सुटका नाही, दिवा कोणत्या पायरीवर गेला तेही लिहायचं. एवढं झालं की बाईंच्या टेबलापाशी यायचं, माझ्या जिभेने आपल्या हाताने पिन काढायची आणि छापील उत्तर बघायचं. बघून झालं की बाई पुन्हा पिन मारणार.

त्या वर्षी त्या वर्गात एक मुलगी होती. पोरं तिला छापखाना म्हणायची, कारण तिचं उत्तर कायम पुस्तकातल्या छापील उत्तराशी जुळायचं आणि परीक्षेत कायम दांडी उडायची. मीही तिला छापखानाच म्हणणार आहे, मात्र मायेने. तिचे वडील बेकरीत भट्टीवर कामाला होते. तिला स्वतःला यंत्रांचं वेड होतं. घरातला पंखा, शिलाई मशीन, शेजारच्यांचा बिघडलेला रेडिओ, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटत नसे. तिला पुढे यंत्रांचंच शिकायचं होतं आणि त्यासाठी दहावीला पूर्ण गणित हवं होतं. त्या शाळेचा नियम असा की नववीच्या शेवटच्या परीक्षेत गणिताला चाळीस मिळाले तर पूर्ण गणित, नाहीतर सोपं गणित. सोप्या गणिताच्या रस्त्याने गेलं की यंत्रांचं दार बंद.

पहिल्या आठवड्यातच छापखान्याने ब्लेडने माझी पिन काढली. घरी बसून सगळी उत्तरं उतरवून घेतली, अगदी शेवटच्या जादा सरावातलीसुद्धा, जिथे वर्ग कधी पोहोचणारही नव्हता. मग दुकानातून आणलेल्या स्टेपलरने पानं पुन्हा जोडून टाकली. तिला वाटलं, कुणाला कळणार आहे! दुसऱ्या दिवशी बाईंनी तिचं पुस्तक हातात घेतलं आणि मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं.

"पानाला चार भोकं आहेत," बाई म्हणाल्या. "मी दोनच पाडली होती."

छापखान्याने मान खाली घातली. मला तर वाटत होतं, बाई आता तिची चांगली खरडपट्टी काढणार. माझ्या पिनेचा अपमान झाला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं.

"मला गणित येतच नाही, बाई," ती पुटपुटली.

"कुठपर्यंत येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही हे कळलं. कुठपर्यंत येतं ते सांग. कालचं पहिलंच गणित घे. पहिली पायरी कळते?"

"कळते."

"दुसरी?"

"ती पण."

"तिसरी?"

तिने वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे मी कंस सोडवला, पण बाहेरच्या दोनाने आतल्या एकालाच गुणलं."

"मग तुला गणित येत नाही असं नाही. तुला तिसरी पायरी येत नाही. जा, डबा खा."

मला हे फार मवाळ वाटलं होतं, हे कबूल करतो. पण छापखाना त्या दिवसापासून बदलायला लागली. एका रात्रीत नव्हे, उगाच गोष्टी रंगवणाऱ्यांतला मी नाही. कित्येक आठवडे तिच्या वहीत अंधारच अंधार होता. पोरं चिडवायची, "छापखान्याची वीज गेली रे!" तिला राग यायचा, ती रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार लिहायची, पण आता त्याखाली नीट ओळ असायची. 'इथे चिन्ह बदललं का ते कळेना.' 'इथे प्रश्नच समजला नाही.' बाई त्या एका ओळीपुरतंच समजावायच्या, पुढचं तिचं तिला करायला लावायच्या.

आणि मग एक दिवस ती तासाच्या मध्येच बाकावरून उठून ओरडली, "चुकलंय! बाई, माझं चुकलंय!"

सगळा वर्ग हसला. चूक झाली म्हणून एवढ्या आनंदाने ओरडणारी मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. तिने उत्तर काढलं होतं, ताळा केला होता आणि तो बसला नव्हता. कुणी लाल शाईने गोल केला नव्हता, कुणी मागचं पान दाखवलं नव्हतं. तिची चूक तिनेच शोधली होती आणि तिनेच दुरुस्त केली. मग ती टेबलापाशी आली, माझ्या जिभेने पिन उपटली, छापील उत्तराकडे नुसती एक नजर टाकली आणि म्हणाली, "हं, पुस्तकाचंही बरोबर आहे." त्या क्षणी मला माझ्या गंजासकट स्वतःचा अभिमान वाटला.

पण सुख फार टिकत नाही, विशेषतः जिथे पालकसभा असते तिथे. एका मुलाच्या वडिलांनी सभेत आवाज चढवला. दुसऱ्या तुकडीत उत्तरं उघडी, मग आमच्याच मुलांवर ही जबरदस्ती का? पैसे मोजून पुस्तक घ्यायचं आणि शाळेने त्याला टाचण्या मारायच्या? दुसऱ्या तुकडीच्या वह्या बघा, किती स्वच्छ, सगळी उत्तरं बरोबर! आणि आमच्या पोराच्या वहीत काय, तर अंधार! मोठे सर म्हणजे त्या शाळेचे मुख्याध्यापक, मुळात भाषेचे शिक्षक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना भांडण नको असायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"असं करा बाई, तो स्टेपलर ऑफिसात देऊन टाका. आमचा तसाही मोडलाय. आणि तो पानांचा प्रकार आता पुरे."

बाई वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "ठीक आहे, सर. आता पानं उघडी राहतील. बंद ठेवायची का नाही, ते मुलं ठरवतील," असं म्हणून त्या निघून गेल्या. मला ते झोंबलं. म्हणजे माझ्याशिवाय चालणार होतं तर! मला वाटत होतं की पोरं अभ्यास करतात ती माझ्या दातांच्या धाकाने.

ऑफिसातले दिवस काही सांगण्यासारखे नाहीत. मी रजेचे अर्ज जोडले, गोळ्याबिस्किटांच्या बिलांनासुद्धा पिना मारल्या. कुणी माझी धूळ पुसली नाही आणि मीही कुणाकडे मिनतवाऱ्या केल्या नाहीत. सगळ्यात नकोसं काम वर्षाच्या शेवटी येणार होतं. ज्यांना चाळीसच्या खाली मिळाले त्यांच्या गुणपत्रिकेला सोप्या गणिताचं संमतिपत्र जोडायचं. पालकाने सही करायची, मोठ्या सरांनी मला दाबायचं, की झाला त्या पोराचा रस्ता कायमचा ठरून. बाईंच्या टेबलावर पिन मारताना मला ती पुन्हा निघणार हे ठाऊक असायचं. इथली पिन कधीच निघणार नव्हती.

नववीची शेवटची परीक्षा झाली. पेपर काढला आणि तपासला तो दुसऱ्या तुकडीच्या गणिताच्या सरांनी. काठावरच्या मुलांना पालकांसकट ऑफिसात बोलावलं गेलं. छापखाना आली ती वडिलांचा हात धरून. वडील कामावरून तसेच आले होते, बाहीला पीठ होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, जणू पूर्ण बसलं तर कुणी उठवेल.

मोठ्या सरांनी उत्तरपत्रिका उघडली आणि हसले. "अभिनंदन! बरोबर चाळीस. अगदी रेषेवर, पण रेषेच्या आत. मागच्या वर्षी ही अठरावर होती, माहितीये ना?"

वडिलांनी हात जोडले. सरांनी समोरचं सोप्या गणिताचं संमतिपत्र बाजूला सरकवलं आणि पेपर छापखान्याच्या हातात दिला. ती पानं उलटायला लागली. एक पान, दुसरं पान, आणि मग ती एका गणितावर थांबली. टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने समासात काहीतरी आकडे मांडले. पुन्हा मांडले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"सर, हे चुकलंय," ती म्हणाली.

सरांनी वाकून पाहिलं. "कुठे चुकलंय? टिक आहे की. चारपैकी चार."

"टिक आहे, पण चुकलंय."

गणित असं होतं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलीचं आजचं वय किती? छापखान्याने उत्तर लिहिलं होतं एकवीस.

"मुलगी एकवीस, तर आई त्रेसष्ट," ती म्हणाली. "बारा वर्षांनी मुलगी तेहेतीस आणि आई पंच्याहत्तर. तेहेतीसची दुप्पट किती, सर?"

मोठे सर भाषेचे. त्यांनी ओठातल्या ओठात हिशोब केला. "सहासष्ट. मग ही नऊ वर्षं कुठून आली?"

"तेच ना."

बाईंना बोलावणं गेलं. बाईंनी उभ्याउभ्याच गणित सोडवलं. मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीसची. बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस. ताळा चोख. मग पुस्तक आणलं. त्या वर्षी पुस्तक नवं होतं. मागे जादा सरावाच्या उत्तरांत छापलं होतं एकवीस. छापताना बाराचे आकडे उलटे पडले होते, एवढंच. दुसऱ्या तुकडीच्या सरांनी गणित तिथूनच उचललं होतं आणि मागचं उत्तर बघून ते टिक मारत गेले होते. गठ्ठा उलगडला तेव्हा बाईंच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या बारावर फुली दिसली, आणि दुसऱ्या तुकडीत एकवीसचं नुसतं पीक आलं होतं. मला हसू आवरेना. काय त्या स्वच्छ वह्या, आणि काय ती त्रेसष्ट वर्षांची आई!

"बारा लिहिणाऱ्यांचे गुण वाढवून टाकू," मोठे सर घाईने म्हणाले. "आणि मुली, तुझे राहू देत. चूक पुस्तकाची आहे, तुझी नाही. विषय संपला."

तिने हो म्हटलं असतं तर? तिथे बसलेल्या कुणीही तिला दोष दिला नसता. वडिलांनी तर सुटकेचा श्वाससुद्धा सोडला होता. पण छापखाना पेपर सोडेना.

"एकवीस ही पुस्तकाची चूक आहे, सर," ती म्हणाली. "पण हे बघा. मी समीकरण बरोबर मांडलंय. इथे चोविसातून बारा वजा करायचे होते. मी तीन वजा केले."

"का पण?"

"कारण मला एकवीस आणायचे होते. जूनमध्ये मी पिन काढून ही उत्तरं बघितली होती. परीक्षेत गणित दिसलं आणि एकवीस आठवले. मग मी ताळा केलाच नाही. एवढ्या एकाच गणिताचा नाही केला." "हे गुण काढून टाका, सर."

बाईंनी पेपर घेतला, लाल पेन काढलं. मला वाटलं, आता तरी बाई हिला वाचवतील. बाई म्हणाल्या, "समीकरणाचे दोन राहतील, ते तिने स्वतः मांडलंय. पुढचे दोन नाहीत." आणि त्यांनी चाळीस खोडून अडतीस लिहिले.

आता मोठ्या सरांचाही नाइलाज झाला. रेषा चाळीसची होती आणि सगळ्यांच्या देखत अडतीस लिहिले गेले होते. त्यांनी बाजूला सारलेलं संमतिपत्र पुन्हा समोर ओढलं, गुणपत्रिकेवर ठेवलं आणि दोन्ही कागदांचा कोपरा माझ्या जबड्यात सरकवला. "इथे सही करा," ते वडिलांना म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. सोपं गणितही गणितच असतं."

वडिलांना राग आला होता. खरा, भट्टीसारखा तापलेला राग. "सर स्वतःहून देत होते ना?" ते मुलीवर कडाडले. "तुला कुणी विचारलं होतं का? एक वर्ष मान मोडून बसलीस, आणि दोन मार्कांसाठी... अगं, गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

ती नुसती उभी राहिली, रडत, पण मान वर. वडिलांनी पेन हातात घेतलं. माझ्या जबड्यात कागद होता आणि मी अडकायची पूर्ण तयारी केली होती. पिन वाकडी करीन, स्प्रिंग तोडून घेईन, पण हा कागद जोडणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

वडिलांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"बाकीचे अडतीस?" त्यांनी मुलीला विचारलं.

"पक्के आहेत, बाबा."

"सगळे?"

"सगळ्यांचा ताळा केलाय."

"आणि मागच्या वर्षीच्या अठरातले किती पक्के होते?"

छापखान्याने बाहीने नाक पुसलं. "एकही नाही."

वडिलांनी पेनाला टोपण लावलं. बाहीवरचं पीठ झटकलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"मी सही करणार नाही, सर," ते म्हणाले.

"अहो, नियम आहे. रेषा आहे."

"असेल. पण कागदावर पालकाची संमती असं लिहिलंय. माझी नाही. चुकलेलं गणित टिक मारलेलं असताना ज्या पोरीला दिसलं, तिला गणित झेपणार नाही, असं मी माझ्या सहीने लिहून देऊ? नाही देणार."

"नियम शाळेचा आहे, तसा पालकांच्या संमतीचाही आहे," बाई हळूच म्हणाल्या. "संमती नसेल तर मूल पूर्ण गणितात राहतं, सर. आपणच लिहिलंय ते."

मोठ्या सरांनी कपाळ पुसलं. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि शेवटी मुलीकडे वळले. "ठीक आहे, बस पूर्ण गणिताला. पण दहावीत नापास झालीस तर? मग काय करशील?"

"नापास होणार असेन," ती म्हणाली, "तर ते तुमच्या निकालाच्या आधी मला कळलेलं असेल, सर. आणि कुठल्या पायरीवर, तेही."

सरांनी माझ्या जबड्यातून कागद काढून घेतला. मला अडकायची गरजच पडली नाही. जाता जाता बाईंनी मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं. परवानगी मागितली नाही, आणि सरांनीही मान वळवून खिडकीबाहेर बघायचं पसंत केलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी बाईंच्या खणात आहे. त्या वर्गात मी पानं पुन्हा बंद केली नाहीत. माझ्या पाठीमागे, पानं उघडी असतानाही, त्यातली बरीच मुलं आधी ताळा करत राहिली, असं बाई कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. सुरुवातीला मला हा माझा पराभव वाटायचा. आता वाटत नाही. ज्या दिवशी माझ्याशिवाय चालायला लागलं त्या दिवशी माझं काम झालं. हे कळायला माझ्या पोलादी डोक्याला फार वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, हा आता आपल्याला तेलपाणी करायला सांगणार, फेकू नका म्हणून हात जोडणार. मुळीच नाही. फेकायचं तर फेका. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे आणि ते मी विनंती म्हणून करत नाही, बजावून सांगतो आहे. कुणी तुमच्या गणितावर टिक मारली म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि फुली मारली म्हणून तुम्ही 'ढ' ठरत नाही. तुम्हाला काय येतं आणि कुठपर्यंत येतं, हे बघण्याचा पहिला हक्क तुमचा आहे. तो सरांना देऊ नका, शेजारच्या बाकावरच्याला देऊ नका आणि छापील पानाला तर अजिबात देऊ नका. आज गणिताला बसाल तेव्हा पुस्तकाची शेवटची पानं अंगठ्याखाली घट्ट दाबून धरा. मी नसलो तरी अंगठा तुमचाच आहे. तो कधी उचलायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.